रंग कोणी तोडला? बॅक्टेरियातलं ‘जबाबदार’ जनुक शोधताना



पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी प्रगती अहवालाच्या सादरीकरणात मी एक स्लाइड दाखवली होती. डावीकडे लालभडक फ्लास्क, उजवीकडे तोच फ्लास्क दुसऱ्या दिवशी, जवळजवळ पाण्यासारखा. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘रंग-विघटनास जबाबदार जनुक ओळखले.’

समितीतल्या एका सरांनी चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, “छान. पण हे जनुक काढून टाकलं तर रंग तसाच राहतो का?”

मी म्हणाले, “सर, ते अजून केलेलं नाही.”

“मग ‘ओळखले’ कशाला लिहिलंय? ‘संशय आहे’ असं लिहा.”

सगळे हसले, मीही हसले. पण त्या प्रश्नाने माझी पुढची दीड वर्षं खाल्ली, आणि शेवटी माझ्या प्रबंधाचं एक प्रकरणच बदललं. आजचा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. तुमच्यापैकी बरेच जण पेटच्या मुलाखतीची किंवा सिनॉप्सिसची तयारी करताय, आणि ‘रंगांचं जैविक विघटन’ हा विषय आपल्याकडे खूप जण घेतात. कारण उघड आहे. इचलकरंजी, सोलापूर, भिवंडी ही आपली यंत्रमागाची गावं. कापड जिथे रंगतं तिथे रंगाचं पाणी आलंच. त्या पाण्याकाठच्या मातीतून रंग घालवणारा बॅक्टेरिया मिळवणं तितकंसं अवघड नाही. अवघड आहे ते पुढचं वाक्य: ‘हे काम अमुक जनुक करतं.’

आधी रंगाची ओळख

१८५६ साली लंडनमध्ये विल्यम हेन्री पर्किन नावाचा १८ वर्षांचा मुलगा क्विनीन बनवायला गेला आणि त्याच्या हाती जांभळा रंग लागला. कृत्रिम रंगांचा उद्योग तिथून उभा राहिला. दोनच वर्षांनी, १८५८ मध्ये, पीटर ग्रीस याने डायझो अभिक्रिया मांडली. आज वापरात असलेल्या कृत्रिम रंगांचा सगळ्यात मोठा गट याच अभिक्रियेतून येतो. त्यांना अ‍ॅझो रंग म्हणतात.

अ‍ॅझो म्हणजे दोन नायट्रोजन अणू, त्यांच्यात दुहेरी बंध, आणि दोन्ही बाजूंना बेन्झीन किंवा नॅप्थॅलीनसारखी कडी. या साखळीतले इलेक्ट्रॉन मोकळेपणाने पसरलेले असतात, म्हणून तो रेणू दृश्य प्रकाश शोषतो आणि आपल्याला रंग दिसतो. मधला नायट्रोजनचा बंध तुटला की रंग गेला. त्यासाठी चार इलेक्ट्रॉन लागतात. दोन टप्प्यांत ते दिले की एका रंगाच्या रेणूचे दोन अमाईन होतात.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

पहिली: हे रंग ऊन, साबण, घाम यांना पुरून उरावेत म्हणूनच बनवलेले असतात. सुती कापडासाठी वापरतात ते रिअ‍ॅक्टिव्ह रंग धाग्यातल्या सेल्युलोजशी रासायनिक बंध करतात. पण त्याच वेळी थोडा रंग पाण्याशीच अभिक्रिया करून बसतो. असा रंग मग कापडाला धरत नाही, तो सांडपाण्यात जातो.

दुसरी: हे रंग पाण्यात विरघळावेत म्हणून त्यांच्यावर सल्फोनेट गट बसवलेले असतात. त्यामुळे रेणूवर ऋण भार येतो, आणि असा भारित, मोठा रेणू पेशीच्या पटलातून सहजासहजी आत जात नाही.

फ्लास्क पांढरा झाला. मग काय?

जनुकाकडे जायच्या आधी एक पायरी आहे आणि ती घाईत सुटते. रंग गेला म्हणजे तुटलाच असं नाही.

बॅक्टेरियाच्या पेशी रंग नुसता शोषून घेऊ शकतात. म्हणून सेंट्रिफ्यूज केल्यावर वरचं पाणी बघून खूश होऊ नका, आधी खाली बसलेला पेलेट बघा. तो रंगीत असेल तर रंग पेशींना चिकटलाय. ऑटोक्लेव्ह करून मारलेल्या पेशींचा एक कंट्रोल ठेवा. तिथेही रंग कमी झाला तर तेवढी घट विघटनात धरायची नाही.

मग नुसत्या माध्यमाचा कंट्रोल, पेशी न घालता. माध्यमातले काही पदार्थ स्वतःच रंगाला इलेक्ट्रॉन देऊ शकतात.

मग पीएच. मिथिल रेड आपण बारावीत दर्शक म्हणून वापरलेलं असतं: पीएच ४.४ च्या खाली लाल, ६.२ च्या वर पिवळं. वाढणारा बॅक्टेरिया माध्यमाचा पीएच बदलतो. तुम्ही एकाच तरंगलांबीवर रीडिंग घेत बसलात तर नुसता पीएच बदलला तरी ‘विघटन’ दिसेल.

आणि मिथिलीन ब्लूसारखा रंग असेल तर फ्लास्क जोरात हलवून बघा. हा रंग इलेक्ट्रॉन घेऊन रंगहीन होतो आणि हवा लागली की परत निळा होतो. तिथे रेणू तुटलेलाच नसतो. अ‍ॅझो बंध मात्र एकदा पूर्ण तुटला की हवेने परत जुळत नाही.

म्हणून पूर्ण स्पेक्ट्रम काढा. सगळी शिखरं एकाच प्रमाणात खाली गेली तर शोषणाचा संशय घ्या. दृश्य भागातलं शिखर गेलं आणि अतिनील भागात नवं काही उगवलं तर रेणू बदललाय. मग एचपीएलसी किंवा मास स्पेक्ट्रोमेट्रीने तुटलेले भाग दाखवा.

एवढं झाल्यावरच जनुकाचा प्रश्न विचारायचा अधिकार मिळतो.

वाट पहिली: प्रथिनाकडून जनुकाकडे

ही जुनी आणि कष्टाची वाट. पेशी फोडायच्या, अर्क घ्यायचा, त्यात रंग आणि एनएडीएच घालून बघायचं की रंग जातो का. मग अर्काचे भाग करत जायचं. अमोनियम सल्फेट, एक कॉलम, दुसरा कॉलम. दर वेळी विचारायचं, ‘क्रिया कुठल्या भागात गेली?’ शेवटी जेलवर एकच पट्टा राहतो. त्या प्रथिनाच्या सुरुवातीचे काही अमिनो आम्ल वाचायचे आणि ते कुठल्या जनुकात लिहिलेत ते शोधायचं.

याचं माझं आवडतं उदाहरण ई. कोलायचं आहे. जपानी संशोधकांनी मिथिल रेड तोडणारं एन्झाइम असं शुद्ध केलं आणि २००१ साली प्रसिद्ध केलं. ई. कोलायचा जीनोम १९९७ मध्येच वाचून झाला होता, त्यामुळे अमिनो आम्लांच्या क्रमावरून जनुक लगेच सापडलं. गंमत अशी की त्या जनुकाला आधीपासून नाव होतं, एसीपीडी. नावाप्रमाणे त्याचं काम होतं एसिल कॅरिअर प्रोटीनवरचा एक गट कापणं. रंगाचा त्यात काही संबंध नाही. शुद्ध प्रथिन मात्र रंग तोडत होतं: एफएमएन हा साहाय्यक रेणू धरून, मिथिल रेडच्या एका रेणूमागे एनएडीएचचे दोन रेणू खर्च करून. दोन एनएडीएच म्हणजे चार इलेक्ट्रॉन, हिशोब जुळला. नाव बदलून अ‍ॅझोआर झालं. आणि ज्या कामाचं नाव त्याला चिकटलं होतं त्या कामाचं खरं जनुक २००५ मध्ये जीनोममध्ये दुसरीकडेच सापडलं.

यातून काय घ्यायचं? डेटाबेसमध्ये जनुकापुढे लिहिलेलं नाव हा बऱ्याचदा अंदाज असतो. साम्य बघून संगणकाने लावलेला. ज्याच्यावर ‘अ‍ॅझोरिडक्टेज’ लिहिलंय ते रंग तोडेलच असं नाही, आणि ज्याच्यावर भलतंच लिहिलंय ते तोडत असू शकतं.

दुसरं उदाहरण धीर धरायला शिकवतं. झेनोफिलस अ‍ॅझोव्होरन्स केएफ४६एफ हा स्ट्रेन कार्बॉक्सी-ऑरेंज नावाचा अ‍ॅझो रंग खाऊन वाढतो. हवेत ऑरेंज रंग तोडणारं एन्झाइम या वंशातून १९८२ साली शुद्ध झालं होतं. जनुक हाती यायला २००२ उजाडलं. वीस वर्षं. आणि जे प्रथिन निघालं ते अ‍ॅझोआरच्या कुळातलं नव्हतंच. त्याला एफएमएन लागत नाही, आणि ते एनएडीपीएच वापरतं. अ‍ॅझोआरचा क्रम घेऊन या जीनोममध्ये ब्लास्ट करत बसलं असतं तर हे जनुक हाती लागलं नसतं.

या वाटेवर एक खड्डा आहे, मी त्यात पडून आलेय. आपण जनुक क्लोन करतो ते बहुधा ई. कोलायमध्ये, आणि ई. कोलायचं स्वतःचं अ‍ॅझोआर असतंच. तुमच्या जनुकाशिवायचा, रिकामा व्हेक्टर असलेला कंट्रोल ठेवला नाही तर तुम्ही यजमानाचीच क्रिया मोजताय हे कळणारही नाही.

वाट दुसरी: मोडून बघा

ही वाट उलटी. प्रथिन काय आहे याची कल्पना नसली तरी चालते. ट्रान्सपोझॉन म्हणजे डीएनएचा एक उड्या मारणारा तुकडा. तो जीनोममध्ये कुठेही शिरतो आणि जिथे शिरतो ते जनुक मोडतो. असे हजारो म्युटंट करायचे, प्रत्येकाला रंग द्यायचा, आणि ज्याचा रंग जात नाही तो उचलायचा. तुकडा कुठे शिरलाय ते वाचलं की जनुक कळतं.

किती म्युटंट लागतील, हा प्रश्न मुलाखतीत विचारला जातो. समजा जीनोममध्ये ४५०० जनुकं आहेत आणि तुकडा सगळीकडे सारख्या शक्यतेने शिरतो. जनुकांच्या तिप्पट, म्हणजे १३,५०० म्युटंट तपासले तर कुठलंही एक जनुक किमान एकदा मोडलं जाण्याची शक्यता साधारण ९५ टक्के येते. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये याच्या १४१ प्लेट होतात. काम कंटाळवाणं आहे, पण रंगाच्या बाबतीत एक सोय आहे, उत्तर डोळ्यांनी दिसतं.

या वाटेचं सुंदर उदाहरण म्हणजे शेवानेला ओनेडेन्सिस एमआर-१. हा अमेरिकेतल्या ओनायडा सरोवरातला बॅक्टेरिया. ऑक्सिजन नसेल तर तो लोह आणि मँगनीज यांच्या खनिजांवर इलेक्ट्रॉन टाकून श्वसन करतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याचे म्युटंट दोन रंगांवर तपासले गेले. रंग न तोडू शकणाऱ्या म्युटंटमध्ये काय मोडलेलं निघालं? एखादं अ‍ॅझोरिडक्टेज नाही. मोडलेली होती इलेक्ट्रॉन वाहून नेणारी साखळी: आतल्या पटलातले मेनाक्विनोन आणि सायमए हे सायटोक्रोम, मधल्या जागेतलं एमटीआरए, आणि बाहेरच्या पटलावरची सायटोक्रोम. म्हणजे रंग पेशीत येतच नाही. पेशी इलेक्ट्रॉन बाहेर आणून पृष्ठभागावर रंगाला देते.

आता विचार करा. याच बॅक्टेरियाचा अर्क घेऊन पहिल्या वाटेने गेलो असतो तर? पेशी फोडली की ही साखळी विस्कटते, आणि आतली एन्झाइम, ज्यांची रंगाशी एरवी भेटच होत नाही, ती रंगावर तुटून पडतात. आपण त्यांतलं एक शुद्ध केलं असतं आणि ‘जबाबदार’ म्हणून छापलं असतं.

मोडून बघण्याच्या वाटेलाही मर्यादा आहेत. एकच काम दोन जनुकं करत असतील तर एक मोडून काही दिसत नाही. एखादा म्युटंट मुळात हळू वाढत असेल तर तो ‘रंग तोडत नाही’ असं वाटतं, म्हणून पेशींची घनता सारखी करून मगच तुलना करायची. आणि ओपेरॉनमधलं पहिलं जनुक मोडलं की त्याच्या मागची जनुकंही गप्प होऊ शकतात. मग दोषी नक्की कोण?

वाट तिसरी: जीनोम आणि आरएनए

आज बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात, मीही केली. जीनोम वाचून घ्यायचा, ‘अ‍ॅझोरिडक्टेज’, ‘लॅकेज’, ‘डीवायपी पेरॉक्सिडेज’ असं शोधायचं, आणि मग रंग घालून व न घालता आरएनए मोजायचा. जे जनुक रंगामुळे जास्त चालू होतं त्याच्यावर बोट ठेवायचं.

संशयितांची यादी करायला ही वाट उत्तम आहे. निकाल द्यायला अपुरी आहे. रंग हा पेशीसाठी ताण असतो, आणि ताणात शेकडो जनुकं वरखाली होतात. घरात आग लागली की सगळेच पळतात, पळणारा प्रत्येक माणूस आग विझवायला चाललेला नसतो. उलट, जे जनुक सदासर्वकाळ चालू असतं ते रंग तोडत असलं तरी आरएनएच्या आलेखात वर जाणार नाही. थोडक्यात, चालू होणं हा पुरावा आवश्यकही नाही आणि पुरेसाही नाही.

आपल्याकडच्या अनेक पेपरांत एक तक्ता असतो: रंग देण्याआधी आणि दिल्यानंतर लॅकेज, टायरोसिनेज, अ‍ॅझोरिडक्टेज, एनएडीएच-डीसीआयपी रिडक्टेज यांची क्रिया किती. तो तक्ता उपयोगी आहे, मी माझ्या पेपरातही दिलाय. पण तो पेशीच्या कच्च्या अर्कातली क्रिया सांगतो. ती क्रिया कुठल्या जनुकाची, हे तो सांगत नाही. डीसीआयपी हा स्वतः एक रंगच आहे आणि पेशीतली बरीच एन्झाइम त्याला इलेक्ट्रॉन देऊ शकतात.

दोन टक्क्यांची गोष्ट

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त हलवून सोडलेला पेपर २००० सालचा आहे, जर्मनीतल्या एका गटाचा. त्यांनी ई. कोलायचं फ्लॅविन रिडक्टेज हे जनुक घेतलं आणि पेशीला ते भरपूर बनवायला लावलं. पेशींच्या अर्कात सल्फोनेट असलेल्या अ‍ॅझो रंगांचा तुटण्याचा वेग जवळजवळ १०० पट झाला. इथे थांबले असते तर मस्त पेपर झाला असता. पण त्यांनी अखंड पेशीही तपासल्या. अमरँथ या रंगावर अखंड पेशींची क्रिया अर्काच्या २ टक्क्यांहूनही कमी निघाली.

तेच जनुक, तेच प्रथिन, तोच रंग. मध्ये फक्त पेशीचं पटल. सल्फोनेटमुळे रंग आत जात नाही, आणि आत बसलेलं एन्झाइम कितीही कार्यक्षम असलं तरी हात बांधून बसल्यासारखं. त्या संशोधकांचा निष्कर्ष असा की पेशीरसातली अशी ‘अ‍ॅझोरिडक्टेज’ बहुधा फ्लॅविन रिडक्टेजच असावीत, आणि जिवंत पेशीत सल्फोनेट असलेले रंग तोडण्यात त्यांचं महत्त्व नगण्य आहे.

हा पेपर मी पहिल्या वर्षी वाचला असता तर फार बरं झालं असतं. वाचला तिसऱ्या वर्षी.

माझं काय झालं

माझ्या स्ट्रेनच्या जीनोममध्ये अ‍ॅझोरिडक्टेज असं नाव लावलेली तीन जनुकं होती. त्यांतलं एक रंग घातल्यावर स्पष्टपणे जास्त चालू व्हायचं. मी ते क्लोन केलं, प्रथिन शुद्ध केलं. क्युव्हेटमध्ये मिथिल रेड टाकलं की डोळ्यांदेखत रंग उतरायचा. त्या दिवशी मी प्रयोगशाळेत पेढे वाटले होते. ती सादरीकरणातली स्लाइड यानंतरची.

सरांच्या प्रश्नानंतर मी ते जनुक स्ट्रेनमधून काढायला घेतलं. एक तर मातीतून आणलेला बॅक्टेरिया बाहेरचा डीएनए सहजी घेत नाही. त्यात माझा स्ट्रेन दोन-तीन अँटिबायोटिकना आधीच दाद देत नव्हता, त्यामुळे निवडीसाठी मार्कर मिळेना. कितीतरी महिने प्लेटवर काहीच नाही, किंवा सगळंच. शेवटी जनुक निघालं. पीसीआरने खात्री केली, सिक्वेन्सिंगने खात्री केली. मग म्युटंट आणि मूळ स्ट्रेन शेजारी शेजारी ठेवून कापडगिरणीत वापरतात तो लाल रिअ‍ॅक्टिव्ह रंग दिला.

दोन्ही फ्लास्क सारखेच पांढरे झाले. त्याच वेळेत.

तीन वेळा करून बघितलं. मग प्लेट रीडर बंद केला आणि कँटीनमध्ये जाऊन बसले. मॅडम, म्हणजे माझ्या गाईड, तिथे आल्या. मी म्हणाले, “मॅडम, सगळं वाया गेलं.” त्या म्हणाल्या, “अगं, उत्तर आलंय. तुला नको होतं ते आलंय, एवढंच.”

खरं तर दोष माझ्याच मांडणीत होता. शुद्ध प्रथिन मी मिथिल रेडवर तपासलं होतं. त्याच्यावर सल्फोनेट नाही, तो छोटा रेणू आहे. स्ट्रेन मात्र मी रिअ‍ॅक्टिव्ह रंगावर वाढवत होते, ज्याच्यावर सल्फोनेटच सल्फोनेट. एका रंगाचा पुरावा मी दुसऱ्या रंगाच्या नावावर खपवत होते, आणि ते मला दोन वर्षं दिसलं नाही.

आता माझ्या हातात म्युटंट आहे, आणि तो म्युटंट सांगतोय की निदान हे एकटं जनुक या रंगासाठी गरजेचं नाही. उरलेल्या दोघांपैकी कोणी भरपाई करतंय का, की इलेक्ट्रॉन बाहेर नेणारी साखळी आहे, हे शोधायला मी ट्रान्सपोझॉनच्या प्लेटा लावल्यात. प्रबंधातल्या प्रकरणाचं नाव बदललं. आधी होतं ‘जबाबदार जनुकाची ओळख’. आता आहे ‘संशयित जनुकांची तपासणी’.

मग कधी, काय लिहायचं?

तुमच्या सिनॉप्सिससाठी ही पायऱ्यांची यादी घ्या. प्रत्येक पायरीवर किती बोलायचं याची ती मर्यादा आहे.

१. रंग तुटल्याचा रासायनिक पुरावा आहे. लिहा: ‘हा स्ट्रेन रंगाचं विघटन करतो.’

२. जीनोममध्ये जनुक दिसलं. लिहा: ‘जनुक आढळलं.’

३. रंग दिल्यावर आरएनए वाढला. लिहा: ‘या परिस्थितीत जनुक जास्त व्यक्त होतं.’

४. शुद्ध प्रथिनाने रंग तोडला. लिहा: ‘हे प्रथिन हा रंग तोडू शकतं.’ कुठला रंग, ते नावानिशी.

५. जनुक काढल्यावर अखंड पेशीत काम थांबलं किंवा मंदावलं. लिहा: ‘या कामात जनुकाचा सहभाग आहे.’

६. तेच जनुक प्लास्मिडवर परत दिलं आणि काम परत आलं. आता लिहा: ‘जबाबदार.’

सहावी पायरी बरेच जण गाळतात. पण पाचवीत झालेला बदल खरंच त्या जनुकामुळे होता, शेजारचं काही बिघडल्यामुळे नव्हता, हे तीच सांगते.

आणि एक व्यवहारी सल्ला. सगळ्यात वेगाने रंग घालवणारा स्ट्रेन निवडायचा मोह होतो. तो निवडण्याआधी दोन साध्या गोष्टी तपासा: कुठल्या अँटिबायोटिकला तो मरतो, आणि तो बाहेरचा प्लास्मिड घेतो का, इलेक्ट्रोपोरेशनने किंवा ई. कोलायशी संयुग्मन करून. जो स्ट्रेन डीएनएच घेत नाही त्याच्यावर पाचवी आणि सहावी पायरी करता येत नाही. थोडा हळू पण हाताळता येणारा स्ट्रेन तीन वर्षांच्या फेलोशिपमध्ये जास्त पुढे नेतो.

पण हे जनुक तिथे आलंच कशाला?

हा प्रश्न मला मुलाखतीत विचारला गेला होता, तुम्हालाही विचारतील. कृत्रिम रंग जेमतेम पावणेदोनशे वर्षांचे, बॅक्टेरिया अब्जावधी वर्षांचे. मग रंग तोडणारं जनुक आधीपासून कसं?

उत्तर असं की बऱ्याचदा रंग हे त्या जनुकाचं मूळ काम नसतंच. ई. कोलायच्या अ‍ॅझोआरबद्दल २००९ मध्ये दिसून आलं की ते क्विनोनसारख्या विषारी रेणूंपासून पेशीला वाचवतं. शेवानेलाची साखळी खनिजांवर श्वसन करण्यासाठी आहे. रंग हा इलेक्ट्रॉन घेणारा आणखी एक पाहुणा, म्हणून त्यालाही मिळतात. आपल्या आतड्यातले बॅक्टेरियाही अ‍ॅझो बंध तोडतात. १९३५ मध्ये गेरहार्ड डोमाक यांनी प्रसिद्ध केलेलं प्रॉन्टोसिल हे औषध मुळात लाल अ‍ॅझो रंगच होतं. शरीरात त्याचा अ‍ॅझो बंध तुटून सल्फॅनिलमाईड सुटतं आणि खरं औषध ते असतं, हे त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून पुढे आलं.

म्हणून ‘रंग तोडणारं जनुक’ असं म्हणताना मनात ठेवा: ते त्याचं नाव आपण ठेवलेलं आहे.

एवढा काटेकोरपणा कशासाठी?

कोणी म्हणेल, फ्लास्क पांढरा होतोय ना, जनुक कुठलं का असेना. दोन कारणं आहेत.

अ‍ॅझो बंध तुटून अमाईन तयार होतात, आणि त्यांतले काही मूळ रंगापेक्षा घातक असतात. काँगो रेड तुटून मिळणारं बेन्झिडीन माणसात कर्करोग करतं हे सिद्ध आहे. अ‍ॅझो बंध तुटायला सहसा ऑक्सिजन नको असतो, म्हणून आपण फ्लास्क न हलवता ठेवतो. अमाईन पुढे तुटायला बहुतेक वेळा ऑक्सिजन लागतो. म्हणजे नाल्यातलं पाणी पांढरं दिसणं ही अर्धीच गोष्ट. उरलेलं अर्धं काम कोणती जनुकं करतात, हे माहीत असल्याशिवाय पाणी शेतात सोडण्याजोगं झालं असं म्हणता येत नाही.

दुसरं, उद्या कोणी तुमचा पेपर वाचून ते जनुक दुसऱ्या बॅक्टेरियात भरेल आणि सांडपाण्याच्या टाकीत सोडेल. जनुक चुकीचं असेल तर अर्कातली १०० पट क्रिया टाकीत दोन टक्केही मिळणार नाही. त्या टाकीवर कोणाचा तरी पैसा लागलेला असेल, आणि तिच्या खाली कोणाची तरी विहीर असेल.

पुढच्या महिन्यात माझं पुढचं प्रगती सादरीकरण आहे. तोच लाल आणि पांढरा फ्लास्क परत दाखवणार आहे, यावेळी शेजारी म्युटंटचा पांढरा फ्लास्कही. खाली लिहिलंय, ‘हे जनुक या रंगासाठी आवश्यक नाही.’ सर चष्मा काढतील तेव्हा काय विचारतील ते मला आता माहीत आहे, “मग कोण?” आणि त्याचं उत्तर, “सर, प्लेटा लावल्यात.”